चार बटणांची रॅक

सोलापुरात गेली बावीस वर्षे मी वाद्यवृंदांत कीबोर्ड वाजवतो. वायर, मिक्सर, स्पीकर यांच्याशी माझा रोजचा संबंध आहे आणि तरीही गेल्या दिवाळीनंतर कोरसच्या, म्हणजे एकाच आवाजात त्याचीच किंचित हललेली प्रत मिसळून तो भरदार करणाऱ्या एका यंत्रापायी माझे ६१,००० रुपये गेले. ज्यांना जुनी यंत्रे विकत घेण्याचा नाद आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

मला हवे होते रोलंड कंपनीचे डायमेन्शन डी, म्हणजेच एसडीडी-३२०. १९७९ साली आलेले हे रॅकमध्ये, म्हणजे स्टुडिओत यंत्रे बसवायच्या चौकटीत, बसणारे यंत्र आहे. साध्या कोरसमध्ये सूर डोलताना स्पष्ट ऐकू येतो. यात मात्र एकाच मंद लहरीने दोन विलंब-मार्ग (आवाज किंचित उशिरा सोडणारे मार्ग) परस्परांच्या उलट हलवले जातात, त्यामुळे एकाचा सूर किंचित चढतो तेव्हा दुसऱ्याचा उतरतो आणि डोलण्याऐवजी आवाज नुसता रुंद झाल्यासारखा वाटतो. डोलण्याचा वेग किंवा प्रमाण बदलण्यासाठी नॉब नाहीत, फक्त दाबायची बटणे आहेत. याच कल्पनेवर रोलंडच्याच बॉस या ब्रँडने १९८५ मध्ये डीसी-२ हे गिटारवाल्यांचे, पायाने दाबायचे पेडल काढले आणि २०१८ मध्ये डीसी-२डब्ल्यू आणले, ज्यातला एक खटका सरकवला की जुन्या रॅकच्या धर्तीचा आवाज मिळतो. खरे सांगायचे तर माझे काम त्या पेडलवर सहज भागले असते. पण रॅक म्हटले की अस्सल, आणि पेडल म्हणजे पोराटोरांचे खेळणे, हा समज माझ्या डोक्यात पक्का होता आणि विकणाऱ्याने तो दोन मिनिटांच्या फोनमध्येच ओळखला.

मुंबईतला एक स्टुडिओ बंद झाला, तिथला हा माल आहे, असे त्याने सांगितले. १५,००० रुपये मी यूपीआयने आगाऊ पाठवले, उरलेले ४६,००० विजापूर रस्त्यावरच्या एका भाड्याच्या गाळ्यात रोख दिले. पावती मागितली तेव्हा वहीचा एक कागद फाडून त्यावर रक्कम लिहून मिळाली; यंत्राचा अनुक्रमांक त्यावर नव्हता, आणि मीही तो विचारला नाही. त्याने गिटार सरळ यंत्रात जोडून वाजवून दाखवली. आवाज सुरेख होता, हे मी आजही नाकारणार नाही. मात्र गिटारचा अशक्त सिग्नल रॅकच्या यंत्रात थेट घातल्यावर इतका भरघोस कसा वाजतो, हा प्रश्न त्याच वेळी पडायला हवा होता.

त्या शनिवारी होटगी रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात ते मिक्सरला जोडले आणि पहिल्याच गाण्याला आवाज फाटू लागला. पातळी कमी करावी तर खरखर वर येई. स्टुडिओतल्या रॅकची यंत्रे +४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्टचा सिग्नल सहज पेलण्यासाठी बनवलेली असतात; ९ व्होल्टवर चालणाऱ्या, गिटारसाठी बनवलेल्या पेडलला तोच सिग्नल जड जातो. कार्यक्रम मी ते बाजूला ठेवूनच उरकला.

सोमवारी नव्या पेठेतल्या आमच्या दुरुस्तीवाल्या अण्णांकडे गेलो. त्यांनी पेटी उचलून एका हातावर तोलली आणि स्क्रू काढण्याआधीच म्हणाले, "काय ओ सर, ह्यात ट्रान्सफॉर्मर नाही." झाकण उघडले तेव्हा आत बहुतेक पोकळीच होती. पेटी एखाद्या जुन्या इक्वलायझरची होती. सरकत्या खटक्यांच्या फटी आतून काळा पत्रा चिकटवून बुजवल्या होत्या. कोपऱ्यात तळहाताएवढी सर्किटची पाटी ग्लूगनच्या पिवळट गोंदाने बसवलेली होती. डीसी-२ ची स्वस्त नक्कल असलेल्या कोणत्या तरी पेडलची ती होती. शेजारी ९ व्होल्टचा साधा अडॅप्टर होता आणि त्याच्या पिनांना घरगुती विजेची वायर थेट डाग देऊन जोडली होती. त्यावर टेपही गुंडाळलेली नव्हती.

मग अण्णांनी मोबाइलवर खऱ्या एसडीडी-३२० चे छायाचित्र माझ्यासमोर धरले. त्याच्यावर पाच बटणे असतात, कोरसच्या चार प्रकारांची चार आणि एक बंद करण्याचे. पेडलवर चारच पुरतात, कारण बंद करायला पाय असतो. माझ्या पेटीवर चार होती. गाळ्यात मी विचारलेही होते की हे बंद कसे करायचे, तो म्हणाला होता, "प्लग काढायचा सर, जुन्या मशिनी तशाच असतात." मी मान डोलावली होती.

त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली, पण पैसे पाठवून नऊ दिवस झाले होते, आणि तिथे नोंद झाली ती फक्त यूपीआयच्या १५,००० ची. रोखीच्या रकमेसाठी पोलीस ठाण्यात वेगळा अर्ज दिला आहे. वहीचा तो कागद, जाहिरातीतली छायाचित्रे आणि अण्णांनी उघडलेल्या पेटीची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

पेटी माझ्या टेबलाखाली पडून आहे. गेल्या आठवड्यात तीच पुन्हा विक्रीला आलेली पाहिली: तेच छायाचित्र, डाव्या कोपऱ्यावर तोच ओरखडा, किंमत ६५,०००, गाव लातूर. बटणे मोजली. चारच आहेत.