रिव्हील, डिस्क्लोज की एक्स्पोज? इंग्रजी लिहिताना कोणतं क्रियापद निवडाल

'उघड करणे' याला इंग्रजीत काय म्हणायचं, असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडी आधी 'रिव्हील' येतं. ते चूक नाही. पण कंपनीचं पत्र, वर्तमानपत्राची बातमी, डॉक्टरी अहवाल किंवा शपथपत्र लिहायला बसलं की रिव्हील, डिस्क्लोज आणि एक्स्पोज यांतलं एक निवडावं लागतं. तिथे गल्लत झाली तर वाक्य व्याकरणात बसूनही भलतंच सांगून जातं. शब्दकोश तिन्हींपुढे 'उघड करणे' लिहून मोकळा होतो. त्यामुळे निवड करताना दोन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट खरी आहे याची हमी आपण घेतोय का? आणि ती उघड व्हावी अशी लपवणाऱ्याची इच्छा होती का?

तिघांत रिव्हील सगळ्यांत ऐसपैस. मूळ लॅटिन 'रेव्हेलारे', म्हणजे पडदा बाजूला सारणे. इंग्रजीतला बुरख्याचा 'व्हेल' याच घराण्यातला. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं नाव इंग्रजीत 'रेव्हेलेशन' आणि मराठी बायबलात 'प्रकटीकरण' आहे. पडद्यामागची वस्तू आधीपासून होतीच, फक्त दिसत नव्हती, हा अर्थ या क्रियापदाच्या पोटात आहे. म्हणूनच त्याचा कर्ता माणूस असायलाच हवा असं नाही. एक्स-रे फ्रॅक्चर 'रिव्हील' करतो, उत्खनन जुनी भिंत, ओहोटी खडक, सर्वेक्षण लोकांचा कल. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये हेच क्रियापद वापरावं. तिथे 'डिस्क्लोज' जुन्या वैद्यकीय पुस्तकांत सापडेल, पण आज ते खटकतं, कारण डिस्क्लोज करायला तोंड उघडणारा किंवा सही करणारा कुणीतरी लागतो.

मराठीतून विचार करणाऱ्याची ठेच लागायची जागा वेगळीच आहे. 'त्याने मला गुपित सांगितलं' यावरून 'ही रिव्हील्ड मी द सीक्रेट' असं लिहिलं जातं. 'टोल्ड मी' चालतं, 'रिव्हील्ड मी' चालत नाही. 'रिव्हील्ड द सीक्रेट टू मी' असंच हवं. डिस्क्लोजचंही तेच. दुसरी खोड 'बद्दल'ची: 'द रिपोर्ट रिव्हील्स अबाउट करप्शन' हे मराठी वाक्य इंग्रजी कपड्यांत आहे. रिव्हीलला थेट कर्म लागतं. 'अबाउट' घालायचाच तर काय उघड झालं ते आधी सांगावं लागतं, जसं 'द लेटर रिव्हील्स अ लॉट अबाउट हिम'.

आता हमीचा मुद्दा, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. 'रिव्हील्ड दॅट' लिहिलं की पुढे येणारी गोष्ट खरी आहे, असं लिहिणारा स्वतःच्या नावावर सांगतो. 'आरोपीने चौकशीत अमुक व्यापाऱ्याचं नाव सांगितलं' या मराठी वाक्यात फक्त त्याने नाव घेतलं एवढंच आहे. त्याचं इंग्रजी करताना 'द अक्यूज्ड रिव्हील्ड दॅट द ट्रेडर वॉज इन्व्हॉल्व्हड' केलं, तर तो व्यापारी सामील होता हे बातमीदारानेच जाहीर केलं. 'टोल्ड पोलिस' किंवा 'अलेज्ड' इथे सुरक्षित. 'क्लेम्ड'मध्ये थोडा अविश्वास डोकावतो, तो हवा असेल तरच घ्यावा. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली मुळात न्यायालयात पुरावा म्हणून धरली जात नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात तसं कलम होतं आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी नेमका जोडलेला भाग तेवढा ग्राह्य. त्या निवेदनाला वकील मंडळी 'डिस्क्लोजर स्टेटमेंट' म्हणतात. कायदा इतका जपून पावलं टाकत असताना बातमीने 'रिव्हील्ड' म्हणून पुढे धावू नये.

मराठी वृत्तपत्रांचा लाडका 'गौप्यस्फोट' या बाबतीत फसवा आहे. पत्रकार परिषदेत पुढाऱ्याने काहीही ठोकून दिलं तरी मथळ्यात गौप्यस्फोट होतो. त्याचं इंग्रजी डोळे मिटून 'रेव्हेलेशन' करू नये. बहुतेक वेळा 'अलिगेशन' पुरतं. त्याहून मोठा सापळा 'खुलासा'चा. हिंदीत खुलासा म्हणजे गौप्यस्फोट, मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. कारणे दाखवा नोटिशीला कर्मचारी 'खुलासा सादर' करतो, तेव्हा तो काही रहस्य फोडत नसतो, स्वतःची बाजू मांडत असतो. 'मंत्र्यांनी खुलासा केला' याचं इंग्रजी 'क्लॅरिफाइड', आणि 'मंत्रीने खुलासा किया' याचं 'रिव्हील्ड'. हिंदी वाहिन्यांमुळे मराठी बातम्यांतही हा शब्द दोन्ही अर्थांनी फिरू लागलाय, तेव्हा भाषांतराआधी मूळ वाक्य कुठून आलंय ते पाहिलेलं बरं.

डिस्क्लोज हे कागदपत्रांचं क्रियापद. सांगणाऱ्याला ती माहिती ठाऊक आहे, ती सांगण्याचं किंवा न सांगण्याचं बंधन आहे, आणि तो ती रीतसर समोर ठेवतो. शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपन्यांसाठी सेबीने २०१५ साली केलेल्या नियमावलीच्या नावातच 'डिस्क्लोजर रिक्वायरमेंट्स' आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर निवडणुकीचे उमेदवार शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण नमूद करतात, तेही डिस्क्लोजच. नोकरीच्या अर्जात आधीचा पगार, विम्याच्या अर्जात आधीचे आजार, बँकेच्या अर्जात दुसरं कर्ज: सगळीकडे हेच. 'आय रिव्हील्ड माय डायबेटिस टू द इन्शुरर' लिहिलंत तर आजवर दडवून ठेवला होतात असा वास येतो. विमा कंपनीशी पत्रव्यवहार करताना हा वास परवडणारा नाही.

दोन्ही क्रियापदं एकाच माहितीवर आपटलेली पाहायची असतील तर गर्भातल्या बाळाचं लिंग हे उदाहरण घ्या. अमेरिकेत २००८ च्या सुमारास 'जेंडर रिव्हील' पार्टीची टूम निघाली: केक कापायचा, आत गुलाबी की निळा ते पाहायचं. तिथल्या मराठी कुटुंबांच्या डोहाळजेवणाच्या फोटोंतही आता असा केक दिसतो. 'रिव्हील' हा शब्द इथे नाम झालाय आणि त्यात गंमत, उत्सुकता, टाळ्या आहेत. आपल्याकडे १९९४ च्या केंद्रीय कायद्याने, आणि महाराष्ट्रात त्याआधी १९८८ च्या राज्य कायद्याने, गर्भलिंगनिदानावर बंदी आणली. केंद्राच्या नियमांनुसार सोनोग्राफी केंद्रात पाटी लावावी लागते, आणि त्या नियमाच्या इंग्रजीत शब्द आहे 'डिस्क्लोजर'. कायद्याने तर शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगायला मनाई केली आहे. म्हणजे केकचा रंगही त्यात आलाच. त्या पाटीवर 'रिव्हील' लिहून पाहा, सगळा धाकच जातो.

एक्स्पोज घ्यायचं ते लपवणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध आणि त्याच्या तोट्याचं काही बाहेर काढलं तर. भेसळ, घोटाळा, ढोंग यांना ते शोभतं. निविदेतली रक्कम, परीक्षेचा निकाल, लग्नाची तारीख यांना नाही. २०१३ साली एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी टेहळणीची कागदपत्रं पत्रकारांना दिली, तेव्हा सरकारी भाषेत ते 'अनऑथराइज्ड डिस्क्लोजर' होतं, बातम्यांत 'रेव्हेलेशन्स', आणि त्याच्या पाठीराख्यांच्या लेखी त्याने सरकारला 'एक्स्पोज' केलं होतं. क्रियापदावरून लिहिणारा कुठे उभा आहे ते कळतं.

एक्स्पोजला 'टू' लागला की अर्थ पार बदलतो: उन्हाला, रसायनाला, धोक्याला सामोरं जाणं. बायोडेटात आपण 'इंडस्ट्रीचं एक्स्पोजर मिळालं' म्हणतो ते याच वाटेने आलेलं आणि ठीकच आहे. बँकेचं 'एक्स्पोजर' म्हणजे मात्र एखाद्या कर्जदाराकडे तिचे किती पैसे धोक्यात आहेत ती रक्कम. आपल्या सिनेगप्पांमधलं 'हिरॉइनने एक्स्पोज केलं' हे खास देशी इंग्रजी. बाहेर कर्माशिवाय हे क्रियापद अर्धवट वाटतं, आणि 'एक्स्पोज्ड हरसेल्फ' म्हणालात तर ते अश्लील वर्तनाच्या गुन्ह्याकडे झुकतं.

याच अर्थाची आणखी दोन क्रियापदं झटपट. डायव्हल्जचा जीव नकारात आहे: 'रिफ्यूज्ड टू डायव्हल्ज डिटेल्स'. होकारार्थी वाक्यात ते जड वाटतं, तिथे सरळ 'टोल्ड' लिहावं. अनव्हेल म्हणजे समारंभाने पडदा दूर करणं, आपलं अनावरण. ते पुतळ्याला, कोनशिलेला, तैलचित्राला चालतं. मात्र पुस्तकाचं प्रकाशन 'रिलीज' आणि पुलाचं उद्घाटन 'इनॉग्युरेट', मग निमंत्रणपत्रिकेत मराठीत काहीही छापलेलं असो. गाडीच्या बातम्यांत तर 'अनव्हेल' आणि 'लाँच' यांत फरक करावाच लागतो: अनव्हेल झालेली गाडी फक्त दाखवलेली असते, तिची किंमत आणि विक्री बहुधा लाँचच्या वेळी ठरते, आणि मध्ये कित्येक महिने जाऊ शकतात.