ऑस्करची ‘प्रूव्हन पेअर’ घेताय? पैसे पाठवायच्या आधी हे वाचा

खान्देशातल्या सगळ्या मोठे सिक्लिड (ऑस्कर, जग्वारसारखे टाकीतले मासे) पाळणाऱ्या भावांनो, कोणी ऑस्करची तयार जोडी, म्हणजे आधी पिल्लं काढलेले नर-मादी, विकतोय आणि पुरावा म्हणून अंड्यांचा व्हिडिओ पाठवतोय तर थांबा, नुसती अंडी हा जोडीचा पुरावाच नाही. मला साडेनऊ हजारात दोन माद्या विकल्या, आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत होतं.

ऑस्करमध्ये नर-मादी वरून कळतच नाही, रंग तोच, साईज तीच, पंख तेच. खरी रीत म्हणजे सहा-आठ पिल्लं एकत्र वाढवायची आणि त्यांची त्यांना जोडी जमवू द्यायची, पण त्यात दीड-दोन वर्षं जातात आणि एकदा जोडी जमली की बाकीच्यांना नुसता मार, त्यांना हलवायला दुसरी टाकी पाहिजे. माझ्याकडे सहा बाय दोन बाय दोनची एकच टाकी, ६८० लिटरच्या आसपास, म्हणून जमलेली जोडी शोधत होतो. हा मुंबईकडचा माणूस फोनवर एकदम गोड, "दादा निवांत राहा, लवकरच पिल्लं बघाल". दोन व्हिडिओ पाठवले, एकात दोन ऑस्कर अंड्यांना पंखांनी वारा घालताहेत, दुसऱ्यात पिल्लांची झुंड आणि बाजूला आई-बाप. पैसे सगळे आधी, यूपीआयवर, बिल नाही. ट्रॅव्हल्सने थर्माकोलच्या बॉक्समध्ये मासे जळगावला आले, ठणठणीत आले, पॅकिंगबद्दल तक्रार नाही.

काही आठवड्यांनी दोघं मिळून टाकीतला कडप्प्याचा तुकडा तोंडाने घासून साफ करायला लागले. मी खुर्ची ओढून समोरच बसलो. पहिला मासा पोट टेकवत दगडावरून गेला, मागे अंड्यांची ओळ. आता नराने त्याच ओळीवरून जाऊन वीर्य सोडायचं असतं. दुसरा मासा आला, पोट टेकवलं, हळूहळू पुढे सरकला आणि त्याच्याही मागे अंड्यांची ओळ! दोघांच्या पोटाखाली तीच जाड, बोथट नळी बाहेर आलेली, नराची बारीक आणि टोकदार असते. फळलेलं अंडं एका दिवसात आरपार दिसायला लागतं आणि २८ डिग्रीच्या आसपास तीनेक दिवसांत फुटतं. माझी सगळी पांढरीच राहिली, मग बुरशी धरली. ऑस्करच्या दोन माद्या जोडीसारख्या राहतात, दगड साफ करतात, अंडी राखतात, सगळं करतात, ह्याच गोष्टीचा हे लोक फायदा घेतात.

त्याला फोन केला तर म्हणे तुमच्याकडचं पाणी जड आहे, गर्मी फार आहे, पुढच्या वेळी होईल. अहो पाणी कितीही जड असलं तरी नर अंडी घालत नाही! मग "जिवंत पोचवायची गॅरंटी होती, ती मी पाळली" म्हणाला आणि नंबर ब्लॉक.

फोटो ग्रुपवर टाकले तेव्हा धुळ्याचा एक पोरगा लगेच बोलला, "भो, ह्या ते मन्याच मासोळ्या, दोन्ही माद्या शेतस". एकीच्या गालफडावर जुना कापल्याचा व्रण आहे, त्यावरून त्याने ओळखल्या. त्याच्याकडेही दोघींनी अंडी घातली होती म्हणून त्यानेच कारण सांगून, कमी पैशात त्या ह्याच माणसाला परत दिल्या होत्या. मला खरा राग ह्याचा आहे. मग मी दोन्ही व्हिडिओ थांबवून थांबवून बघितले, ऑस्करच्या अंगावरचे केशरी पट्टे आणि शेपटीजवळचा डोळ्यासारखा ठिपका प्रत्येकाचा वेगळा असतो. अंड्यांच्या व्हिडिओतले मासे माझेच, पिल्लांच्या व्हिडिओतले भलतेच.

जग्वार सिक्लिडवाल्यांनी तर जास्तच जपा. भुसावळच्या मित्राला ह्याच माणसाने कधी एकत्र न राहिलेले नर-मादी जोडी म्हणून दिले, चार फुटी टाकीत सोडले आणि सकाळी मादी मेलेली, पंख फाटलेले, खवले निघालेले. हा मध्य अमेरिकेतला शिकारी मासा, निसर्गात फूट-दीड फुटाचा होतो, कोणी कितीही जमलेली जोडी म्हणो, मध्ये जाळी लावल्याशिवाय सोडू नका.

घ्यायचीच असेल तर अंडी, फुटलेली पिल्लं आणि मोठे मासे एकाच व्हिडिओत मागा, कट नको, मासे दोन्ही बाजूंनी दिसले पाहिजेत, आणि पार्सल उघडताना पट्टे जुळवा. शक्य असेल तर जाऊन बघा, अंड्यावर आलेल्या माशाला जाळीत हळूच उलटा करून नळी दाखवायला सांगा, खरा ब्रीडर नाही म्हणणार नाही. निम्मे पैसे मासे बघितल्यावर. फसलात तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, चॅट डिलीट करू नका. माझी तक्रार नोंदवलीय, पैसे अजून आलेले नाहीत.

दोघी आता माझ्याकडेच राहणार, त्यांना पुढे कोणाला जोडी म्हणून देणार नाही. तो माणूस मात्र नवीन नंबरवरून तोच पिल्लांचा व्हिडिओ परत फिरवतोय, मागच्याच आठवड्यात चाळीसगावच्या एकाला आला. त्यात डाव्या कोपऱ्यात काठ फुटलेली मातीची कुंडी आणि मागे निळा स्पंज फिल्टर दिसतो. तो व्हिडिओ आला तर एक रुपयाही पाठवू नका, मला मेसेज करा, माझ्याकडे दोन्ही व्हिडिओ आणि पट्ट्यांचे फोटो ठेवलेत.