डोंगरावरचा व्हिला की खालचं आगर? दोघांनीच जायचं असेल तर

दोघंच जायचंय, तीन दिवस, फिरायचं वगैरे काही नाही, नुसतं पडून राहायचं आणि समुद्र बघायचा, तर डोंगरावरचा व्हिला घ्यायचा की खाली किनाऱ्यालगत आगरातलं, म्हणजे नारळी-पोफळीच्या वाडीतलं घर, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही दोन्ही केलंय, दोन्ही दापोलीकडे. वर दोनदा, एकदा डिसेंबरात आणि एकदा एप्रिलात, आणि खाली तीनदा.

फरक कळायला आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आठवा. वरून बघितलं की नारळींचे शेंडे, पलीकडे वाळू, लांब पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि घरं सगळी झाडांखाली लपलेली. आता पाखाडीनं, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेनं, खाली गावात उतरा. समुद्राची गाज दिवसरात्र कानावर येते पण खिडकीतून समुद्र काही दिसत नाही, मधे आगर, गडगा (दगडांचं कुंपण) आणि सुरूची झाडं. बुकिंग करताना लोक हे लक्षातच घेत नाहीत, 'बीचपासून दोन मिनिटं' वाचतात आणि गेल्यावर म्हणतात अरे व्ह्यू कुठेय.

वरचं सुख खरंच वेगळं आहे. सकाळी दार सरकवलं की समोर फक्त पाणी, चहा घेऊन तिथेच बसायचं ते दहा वाजले तरी उठायचं नाही. रात्री आम्ही मासेमारीच्या बोटींचे दिवे मोजत बसायचो, एकोणीस झाले, मग त्यातला एक लाल दिवा हलतच नाही म्हणून वाद, सकाळी बघितलं तर तो पलीकडच्या टेकडीवरचा मोबाइल टॉवर. कोणी विचारायला येत नाही, केअरटेकर जेवण ठेवून जातो, मोठ्यानं भांडलात तरी ऐकायला कुणी नाही (आम्ही भांडलो, गाडी कुणी रिव्हर्स घ्यायची यावरून, कारण शेवटचा एक किलोमीटर तांबड्या मातीचा खडा चढ होता आणि समोरून खडीचा डंपर आला).

पण पाणी. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर, जांभा कातळ असतो, पाऊस कितीही पडला तरी पाणी झिरपून खाली जातं आणि आगरातल्या विहिरींना लागतं, वर मार्चनंतर टँकर. एप्रिलातल्या आमच्या व्हिलात दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी नाही, आणि समोर छोटा स्विमिंग पूल काठोकाठ भरलेला, निळाशार. टँकर दुपारी येणार म्हणे. मग नवरा पुलातून बादल्या भरून बाथरूममध्ये नेतोय आणि मी दारात उभी राहून हसतेय, असा आमचा रिलॅक्सिंग स्टे! त्यात कातळ असा तापतो की संध्याकाळी वारा सुटला तरी पायाखालची फरशी आठ-नऊपर्यंत गरम. त्यामुळे एप्रिल-मे असेल तर वर जाऊ नका, हे मी अगदी ठामपणे सांगते, फोटोत पूल कितीही भारी दिसो.

डिसेंबरात पाण्याचा त्रास नव्हता, पण दुसरीच गंमत झाली. 'सनसेट व्ह्यू' म्हणून घेतला आणि सूर्य तीनही दिवस डावीकडच्या डोंगराच्या नाकाडामागे गेला. चूक आमचीच. डिसेंबरात सूर्य नेमक्या पश्चिमेच्या साधारण 25 अंश दक्षिणेकडे मावळतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे, आणि आमच्या व्हिलाचं तोंड वायव्येला होतं. तेव्हा केअरटेकरला सरळ सांगायचं, बाबा गॅलरीत उभं राहून आत्ता सूर्य मावळताना एक फोटो पाठव. फोटो कालपरवाचाच हवा, वेबसाइटवरचा नको.

आता खाली. आगरातल्या घराचं बेडं (फाटक) उघडून आत शिरलात की दोन-तीन डिग्री तरी कमी वाटतं, नारळाखाली पोफळी, पोफळीवर मिरीचे वेल, पाटातून शिंपणाचं पाणी चाललेलं. दुपारी पडवीत झोपाळ्यावर पुस्तक तोंडावर घेऊन झोपलात की मधेच धप्पकन झावळी पडते आणि जाग येते, एवढीच काय ती घडामोड. फक्त 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळात या पट्ट्यातली आगरं आडवी झाली, नव्यानं लावलेली झाडं मोठी व्हायला वर्षं लागतात, त्यामुळे काही ठिकाणी सावली अजून विरळ आहे. इथेही जुन्या फोटोंवर जाऊ नका.

समुद्र मात्र हाताशी. पहाटे उठलो, चपला गडग्यापाशी काढल्या आणि वाळूवर. वरच्या व्हिलातून हेच करायचं तर गाडी काढा नाहीतर पायऱ्या उतरा, उतरणं सोपंय हो, नऊच्या उन्हात परत चढताना गुडघे बोलतात, आम्ही वर असताना तीन दिवसांत एकदाच पाय भिजवले. फेब्रुवारी ते एप्रिल आंजर्ले, वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ते बघायचं असेल तर मुक्काम खालीच हवा.

तारखा ठरवताना कॅलेंडरमध्ये तिथी बघा, ही टिप मला तिथल्याच एका आजोबांनी दिली. तिथीची पाऊणकी, म्हणजे पाऊणपट, करायची, येईल तितक्या वाजता भरती. चार पाऊणे तीन, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे संध्याकाळी फिरायला वाळू जेमतेम. पौर्णिमा-अमावस्येला भरती सव्वाअकरा-बाराला आणि ओहोटी सहाच्या सुमारास, समुद्र लांबवर आत गेलेला, ओली घट्ट वाळू, आणि दोघांनी हवं तेवढं चाला. आम्ही आता पौर्णिमेला धरूनच जातो, चांदणं बोनस.

जेवणात खालचं घर जिंकतं, वादच नाही. घावणे, कुळथाचं पिठलं, मार्चच्या आसपास ओल्या काजूची उसळ, आदल्या दिवशी सांगितलं तर उकडीचे मोदक. मासे हवे असतील तर हर्णै बंदरावर संध्याकाळी लिलाव असतो तिथे स्वतः जा, मजा येते, वास सहन व्हायला हवा. वरच्या व्हिलात आम्हाला पनीर बटर मसाला मिळाला. कोकणात!

खालची तक्रार एकच पण मोठी, एकांत. मालकांचं घर त्याच अंगणात, काका संध्याकाळी गप्पा मारायला येतात, प्रेमळ असतात, पण तुम्ही कुठले, मुलंबाळं किती, इथपर्यंत जातात. शेजारच्या खोलीत पोरांची फॅमिली आली की संपलंच. आणि डास, पोफळीच्या आगरात ते असणारच, ओडोमॉस घरूनच न्या. नवीन लग्न झालेलं असेल तर हे सगळं नीट विचारात घ्या, आमच्यासारखी पंधरा वर्षं झालेली असतील तर काकांच्या गप्पा उलट बऱ्या वाटतात.

पैशाचं बोलायचं तर आमचे खाली जेवणासकट दोघांचे दिवसाला 3500 च्या आत झाले, वर नुसते राहण्याचे 11000, जेवण वेगळं. तिप्पट पैसे व्ह्यूचे आणि एकांताचे, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ते वसूल होतात असं माझं मत. पावसाळ्यातही वरच, सडा हिरवागार, ढग गॅलरीत शिरतात, समुद्रात तसंही उतरायचं नसतं. फक्त 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईची स्वप्नं बघून जाऊ नका.

यंदा जानेवारीचं आम्ही वरचंच बुक केलंय. पैसे भरायच्या आधी केअरटेकरला फोन करून विचारलं, पाणी कुठलं? म्हणाला, खालच्या आगरातल्या विहिरीवरून पंपानं वर चढवतो. मग म्हटलं बरं, आणि जेवण? तर म्हणे तेही त्याच आगरातल्या काकूंकडून येतं.