किल्ली खिशात की हातात? जुन्या पद्मिनीचं बटण स्टार्ट

वडिलांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी गाडी माझ्याकडे आली तेव्हा दाराची किल्ली वेगळी, इग्निशनची वेगळी आणि दोन्ही झिजलेल्या. उगाच हौस म्हणून मी आधी पूर्ण कीलेस किट बसवलं, म्हणजे खिशात फोब (छोटा रिमोट) असला की दार उघडतं आणि बटण दाबून गाडी सुरू होते. दीड वर्षाने ते काढलं आणि साधा मार्ग धरला: रिमोटचं सेंट्रल लॉकिंग, आणि सेल्फपुरतं एक पुश बटण. इग्निशन मात्र किल्लीनेच ऑन करायचं. दोन्ही वापरून झालेत, म्हणून लिहितोय.

दारांपुरतं बोलायचं तर किट सरस आहे. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना दाराचं लॉक आपोआप उघडतं, हे सुख नाकारण्यात अर्थ नाही. आत बसणाऱ्या मोटरी दोन्हीकडे सारख्याच. काच खाली येते ती जागा सोडून त्या बसवणारा माणूस मिळाला की झालं.

खरं दुखणं सेल्फचं. माझं किट बटण दाबलं की सेकंदभर सेल्फ फिरवायचं आणि थांबायचं. इंजेक्शनच्या गाडीला तेवढं पुरतं. मेव्हण्याच्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाल्या, मारुती 800 ला असंच किट आहे आणि त्याची काही तक्रार नाही. पण पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनावर चालतो. गाडी दहा-पंधरा दिवस उभी राहिली की कार्ब्युरेटरचा फ्लोट चेंबर (त्यातली पेट्रोल साठवायची वाटी) कोरडा पडतो, आणि तो भरेपर्यंत सेल्फ चार-पाच सेकंद तरी फिरावा लागतो. किटला हे कोण सांगणार? त्याची समजूत अशी की एकदा सेल्फ मारला म्हणजे गाडी चालू झालीच. मग पुढच्या दाबाला ते सगळं बंद करायचं. त्याच्या पुढच्या दाबाला पुन्हा सेकंदभर घर्रर्र. शिवाय बटण दाबताना ब्रेकवर पाय हवा, गार इंजिनाला ॲक्सिलरेटर हवा आणि गाडी गिअरमध्ये लावलेली असेल तर क्लचही हवा. पाय दोनच. एकदा कात्रजच्या चढावर गाडी बंद पडली, मागे एसटी, आणि मी चालू-बंद-चालूचा हा खेळ करत बसलेलो. घरी आल्यावर किट काढायचं ठरवलं.

सेल्फची वेळ वाढवता येणारी किटं मिळतात, ब्रेकची वायर क्लचच्या स्विचवर घेणारेही आहेत. तुमचा वायरमन तेवढा हुशार असेल तर माझं गाऱ्हाणं कदाचित तुम्हाला लागू होणार नाही.

बॅटरीचं मात्र टळत नाही. फोब जवळ आलाय का, हे ऐकायला किट रात्रंदिवस जागं असतं. 30 मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला पाऊण अँपिअर-अवर जातात. तीन आठवड्यांत 35 अँपिअर-अवरची बॅटरी जवळजवळ निम्मी. रोज फिरणाऱ्या गाडीला हे जाणवणारही नाही. माझी रविवारी निघते, तीही पाऊस नसेल तर. रिमोट लॉकिंगही थोडं खातंच, पण माझ्याकडे तरी त्यापायी धक्का मारायची वेळ आलेली नाही.

आता किल्ली फिरवतो, चोक ओढतो, बटण हवं तितका वेळ दाबून धरतो. बटण आणि सेल्फचं सोलेनॉइड (सेल्फला करंट देणारा मोठा स्विच) यांच्या मध्ये रिले आहे, म्हणजे जास्त करंट बटणातून जात नाही, आणि बटणाला करंट इग्निशन ऑन झाल्यावरच मिळतो, त्यामुळे किल्ली काढलेली असताना पोरं बटणाशी कितीही खेळू देत. स्टिअरिंग लॉक असलेल्या गाडीत किल्ली राहिली की लॉकही शाबूत राहतं. किटवाले बहुतेक ते निकामी करायला सांगतात. गाडी पन्नाशी ओलांडलेली असेल आणि 2021 च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी करायचा विचार असेल, तर मूळ रूपाला जितका कमी हात लागेल तितकं बरं.

यातलं काहीही बसवा, पण जुनी वायरिंग कापू देऊ नका. सॉकेट लावून जोड घ्यायला सांगा. माझ्या किटसोबत स्टिअरिंगखालून टेप गुंडाळलेले अकरा जोड निघाले. त्यातला कुठलातरी एक चुकीचा परत जोडला गेलाय, कारण डावा इंडिकेटर दिला की छतातला दिवा अजूनही मंद लुकलुकतो.