मुनीमजींच्या पेटीत स्टार स्क्रू

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. जुनं म्हणून नवंच सामान गळ्यात पडलं, २,३०,५०० रुपये गेले. झोपाळ्याचे १,८५,०००, मुनीमजींच्या पेटीचे ४२,०००, टेम्पोचे ३,५००. त्यातल्या त्यात टेम्पोवालाच इमानदार निघाला.

जुन्या सामानाचा दुकानदार म्हणाला, "काका, इतवारीतल्या सावकारांचा वाडा पाडून राहिले. १८९८चा माल आहे. आज नाही नेला तर उद्या मुंबईचा गिऱ्हाईक उचलते." पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. माझे आजोबा नागपूरच्या याच इतवारी बाजारात धान्याच्या पेढीवर मुनीम होते. गादी, लोड, समोर उतरत्या झाकणाची पेटी, हे सगळं लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून भुललो. स्वस्ताच्या लोभाने नव्हे, एवढं तरी माना.

दुकानातच झाकण उचललं. बिजागरीत फुलीच्या खाचेचा स्क्रू. स्टार स्क्रू! तो अमेरिकेतच १९३०च्या दशकात आला. मी जन्मभर वर्कशॉपमध्ये पोरांना हेच शिकवलं. आणि "दुरुस्तीत बदलला असेल" हे वाक्य त्याने नाही, मीच बोललो. मीच! त्याने फक्त मान हलवली. आजोबांच्या पेटीची कड मनगट घासून घासून खोलगट झाली होती, हिची करकरीत. तेही दिसलं होतं.

घरी सुताराने कप्पा उलटा केला. तळ प्लायवूडचा, रंग देऊन काळपटवलेला. तुम्ही आधी दुकानातच उलटा करा, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी. झोपाळ्याची फळी तेवढी जुन्या सागाची, बाकी रंगवलेलं पाइन. आलापल्लीच्या सागाचा इलाका आपला, आणि मला पाइन विकलं! पितळी कड्यांना चुंबक चिकटलं. हे चुंबक खिशात घालून जायला काय झालं होतं मला?

ठाण्यात म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग ही दिवाणी बाब. सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले, तुम्ही दुकानात उभं राहून पैसे दिले, हे आमचं नाही. पुन्हा ठाणं. साहेब बंदोबस्ताला. चार चकरा. ग्राहक आयोगासाठी बिल काढलं, तर त्यावर "लाकडी सामान, २ नग". लाकूड कोणतं, साल कोणतं, लिहून घ्या, नाहीतर पैसे देऊ नका.

शेवटी मी १९७२चा पुरावशेष कायदाच काढला. साहेब, शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू विकायचा धंदा करायला परवाना लागतो, तो तरी तपासा.

साहेबांनी अर्ज परत सरकवला. "पण तुम्हीच लिहिलंय ना, माल नवा आहे म्हणून?"