मृग नक्षत्रासाठी साडेसहा हजारांची लेन्स: तीन हिवाळ्यांचा अनुभव

आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात दहाला मोटार चालू होते आणि मग पहाटेपर्यंत कांद्याला दारं धरायची. पारनेर तालुक्यातलं आमचं रान गावापासून दोन किलोमीटर आत आहे, रस्त्यावरचा एकही दिवा तिथे पोचत नाही. जानेवारीत नेमकं दहा-साडेदहालाच मृग दक्षिणेला उंच आलेलं असतं. लहानपणापासून ते नुसतं पाहत आलो. त्याचा फोटो निघाला तो एका जुन्या ५० एमएम एफ/१.८ लेन्सने (एमएम म्हणजे लेन्सचं नाभीय अंतर, आणि एफचा आकडा जितका लहान तितकं तिचं तोंड मोठं उघडतं).

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बहुतेक कॅमेरा कंपन्यांची अशी एक लेन्स असते आणि ती त्यांच्या सगळ्यांत स्वस्त लेन्सांपैकी असते. माझी वापरलेली आहे, साडेसहा हजारांना मिळाली. १८ मेगापिक्सेलचा डीएसएलआर, तोही वापरलेलाच, पंधरा हजारांना.

त्याआधी मी दुर्बीण घेऊन पैसे घालवले होते. खोक्यावर शनीची कडी, रंगीत तेजोमेघ, म्हणजे अवकाशातले वायू-धुळीचे ढग. आतल्या दुर्बिणीचे पाय असे लटलटायचे की नुसता हात लागला तरी चंद्र नजरेआड. तिला कॅमेरा जोडणं तर शक्यच नव्हतं. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी कळकळीने सांगतो, पहिला पैसा लेन्सवर घाला.

कारण साधं आहे. ताऱ्याचा उजेड किती गोळा होणार हे लेन्सच्या तोंडावर ठरतं. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची लेन्स १८ वर लावली, तर एफ/३.५ ला तिचं तोंड उघडतं जेमतेम ५ मिलिमीटर. ही ५० ची लेन्स एफ/२.८ ला १८ मिलिमीटर उघडते. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर बारापट. पहिल्या रात्री दोन्ही लेन्सनी पाठोपाठ फोटो काढले, तेव्हा मृगाच्या मधोमध एका ओळीत असलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जिथे पहिल्या फोटोत काळोख होता, तिथे दुसऱ्यात फिकट गुलाबी डाग उमटला होता. तोच मृगातला तेजोमेघ, सुमारे १३५० प्रकाशवर्षांवरचा. थंडीत बायकोला उठवून दाखवला.

एफ/१.८ वर मात्र हिला वापरू नका. कडेच्या ताऱ्यांना पंख फुटतात, उडत्या पाखरांसारखे दिसतात. २.८ वर आणलं की उजेड निम्म्याहून कमी होतो, पण तारे टिंबासारखे राहतात. मी कायम २.८ वरच ठेवतो.

दुसरा प्रश्न पृथ्वीच्या फिरण्याचा: फोटो किती सेकंदांचा घेतला तर तारे लांबट होणार नाहीत? '५००चा नियम' सांगतो की ५०० ला लेन्सच्या एमएमने आणि माझ्यासारख्या लहान सेन्सरसाठी आणखी १.६ ने भागा. उत्तर येतं सव्वासहा सेकंद. पण सहा सेकंदांना बाणाचे तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट आले. मृगाचा बाण खगोलीय विषुववृत्तालगत, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात येणाऱ्या रेषेलगत आहे, म्हणून तिथले तारे सगळ्यांत वेगाने सरकतात. तीन सेकंदांवर आलो तेव्हा गोल झाले. ध्रुवाकडच्या आकाशाला जास्त वेळ देता येतो.

तीन सेकंदांत एका फोटोत फार काही येत नाही, म्हणून शेकडो फोटो काढायचे आणि एकावर एक रचायचे. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल. वायरचा टायमर रिमोट लावला की कॅमेरा दर चार सेकंदांनी आपोआप फोटो घेत राहतो. ट्रायपॉड विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीवर, स्लॅबवर ठेवतो. एक तर आमच्याकडे बिबट्याचा वावर आहे, उघड्या रानात एका जागी बसणं बरं नव्हे. शिवाय मोटार पानबुडी, त्यामुळे स्लॅबला थरथर नाही. ट्रायपॉड हलका आहे, त्याच्या मधल्या हुकाला दगड भरलेली खताची गोणी टांगतो. एक वाफा भरायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात दीडशे फोटो. परत येऊन मृग मधोमध घ्यायचं, कारण दहा मिनिटांत ते अडीच अंश सरकलेलं असतं, आणि दुसरा वाफा फोडायचा. दोन वाफ्यांत तीनशे. शेवटी झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे वीस-पंचवीस काळे फोटो घ्यायचे, सेन्सरचे स्वतःचे ठिपके त्यातून वजा होतात.

रचण्यासाठी डीपस्कायस्टॅकर हे सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे. तीनशे फोटो रचले की रवाळपणा साधारण सतरापट कमी होतो. माझा लॅपटॉप जुना, संध्याकाळी लावलं की सकाळी तयार.

लेन्सची खरी अडचण फोकसची. हिच्यावर अंतराचे आकडे नाहीत, अनंताची (खूप लांबच्या वस्तूंच्या फोकसची) खूणही नाही, आणि ऑटोफोकसला तारे सापडत नाहीत. व्याधाचा तारा स्क्रीनवर दहापट मोठा करायचा आणि रिंग केसभर केसभर फिरवायची. तारा आधी रुपयाएवढा दिसतो, मग लहान होत होत टाचणीच्या टोकाएवढा, आणि रिंग थोडी पुढे गेली की पुन्हा फुगतो. तो सगळ्यांत लहान असेल तिथे थांबून चिकटपट्टी लावायची. पहिल्या हिवाळ्यात पट्टी न लावल्यामुळे दोन रात्री वाया गेल्या.

दुसरी अडचण दवाची. भिजलेल्या रानाच्या बाजूला बारानंतर काच हमखास धुरकटते. आई गुडघे शेकायला गरम मिठाची पुरचुंडी करते, तशीच मोज्यात घालून लेन्सभोवती बांधतो. अर्धा-पाऊण तास टिकते.

चंद्र हवा असेल त्यांनी ही लेन्स घेऊ नये. माझ्या कॅमेऱ्यात तिच्यातून चंद्र जेमतेम शंभर पिक्सेलचा येतो. त्यासाठी २५० एमएमपर्यंतचा झूम लागेल. तेजोमेघांचा गडद तांबडा रंगही साध्या कॅमेऱ्यात फारसा येत नाही, सेन्सरपुढची काच तो बराचसा अडवते. तो दोष लेन्सचा नव्हे. नक्षत्रं मात्र हिच्यात सुंदर मावतात: अख्खं मृग, तांबूस काक्षी ताऱ्यापासून निळसर राजन्य ताऱ्यापर्यंत, आणि तरी चारी बाजूंना जागा उरते.

वापरलेली घेताना मागच्या बाजूने टॉर्च मारून पुढून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. रिंग फिरवताना कुठे अडकते का, तेही हाताला कळतं.

येत्या पौष अमावास्येला लाईट रात्रीची असेल तर कृत्तिका घेणार आहे, एक हजार फोटो. त्यासाठी दुसरी बॅटरी आणून ठेवली आहे.