एमपीपीटीच्या नावाखाली पीडब्ल्यूएम : सोलर चार्ज कंट्रोलरच्या खरेदीत झालेली फसवणूक

निफाड तालुक्यातील आमच्या द्राक्षमळ्यातल्या घराला घरगुती विजेची जोडणी नाही, म्हणून तेथील दिवे, पंखे, छोटा फ्रिज आणि राखणीचे कॅमेरे यांच्यासाठी आम्ही स्वतंत्र सौर यंत्रणा बसवून घेतली. ३३० वॅटचे चार पॅनेल आणि १२ व्होल्ट १५० एएचच्या चार सोलर ट्युब्युलर बॅटऱ्या, दोन-दोन सिरीजमध्ये (एकीला पुढे दुसरी, म्हणजे व्होल्टची बेरीज होते) जोडून २४ व्होल्ट, असा तो संच होता. पॅनेल आणि बॅटऱ्या नावाजलेल्या कंपन्यांच्या होत्या आणि त्यांच्याबद्दल आजही तक्रार नाही. फसवणूक झाली ती या दोहोंच्या मध्ये बसून पॅनेलची वीज बॅटरीत भरणाऱ्या चार्ज कंट्रोलरमध्ये, आणि ती इतक्या बेताने केलेली होती की कागदावरचा हिशेब कोणीही तपासला असता तरी तो बरोबरच आला असता.

विक्रेत्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या दरपत्रकात ‘६० अँपिअर एमपीपीटी कंट्रोलर, १४,५०० रुपये’ असे स्पष्ट लिहिले होते. एमपीपीटी हा पॅनेलचे जादा व्होल्टही वापरून घेणारा, वरचा प्रकार. तो कंट्रोलर निवडताना पॅनेलच्या एकूण वॅटला बॅटरीच्या व्होल्टने भागतात. आमच्याकडे १३२० भागिले २४ म्हणजे ५५ अँपिअर, आणि वर थोडी जागा ठेवून ६०. पीडब्ल्यूएम या साध्या प्रकाराचा हिशेब निराळा असतो. त्यात पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे नेमप्लेटवरील आयएससी, धरतात. आमच्या पॅनेलचा तो ९.२ अँपिअर आहे. चार पॅनेल पॅरललमध्ये (शेजारी-शेजारी, म्हणजे अँपिअरची बेरीज होते) जोडले की ३६.८, त्यावर सुरक्षिततेसाठी पाव भाग वाढवला की ४६, म्हणजे येथेही बाजारात मिळणारा ५० किंवा ६० अँपिअरचाच नग घ्यावा लागतो. दोन्ही वाटांनी आकडा ६० च्या आसपासच येत असल्याने ‘अँपिअर पुरेसे आहेत ना’ या प्रश्नाला विक्रेत्याने दिलेले ‘हो’ हे उत्तर खोटे नव्हते. खोटा होता तो प्रकार.

त्याचा परिणाम काय होतो ते नीट सांगतो. आमच्या पॅनेलचे कामाचे व्होल्टेज, व्हीएमपी, ३७.८ आहे. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेल थेट बॅटरीला जोडतो, त्यामुळे पॅनेलचे व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर, साधारण २६ पर्यंत, खाली ओढले जाते. अँपिअर मात्र आहेत तेवढेच राहतात आणि मधल्या व्होल्टची वीज बॅटरीपर्यंत येतच नाही. एमपीपीटी कंट्रोलर हेच जादा व्होल्ट वापरून बॅटरीच्या बाजूला अँपिअर वाढवून देतो. उन्हात तापलेल्या पॅनेलचे व्होल्टेज ३३ च्या आसपास उतरते, म्हणून प्रत्यक्ष नुकसान नेमप्लेटवरून वाटते तेवढे नसते हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, पण तरीही पाचवा हिस्सा वीज रोज वाया जाते, आणि थंड, स्वच्छ सकाळी त्याहून जास्त. आमच्या बॅटऱ्या संध्याकाळपर्यंत पूर्ण भरत नव्हत्या आणि पहाटेच्या आधीच इन्व्हर्टर शिट्टी मारू लागे. लेड अॅसिड बॅटरी अशी महिनोन्महिने अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरते आणि तिची क्षमता कायमची घटते, म्हणजे कंट्रोलरमध्ये मारलेला पैसा बॅटरीच्या आयुष्यातून वसूल होतो.

विक्रेत्याला फोन केला की उत्तर ठरलेले असे. ‘काका, पॅनेलवर धूळ बसली असेल, पुसून घ्या.’ मग ढगाळ हवा, मग फ्रिजचा लोड. शेवटी त्याने ‘अजून दोन पॅनेल टाकू, प्रश्नच मिटेल’ असा सल्ला दिला. सहा पॅनेलचा आयएससी ५५.२ अँपिअर होतो, पाव भाग वाढवला की ६९. म्हणजे कमतरता ज्या नगामुळे होती त्याच नगावर तो आणखी भार टाकायला निघाला होता, आणि वर पॅनेलचे पैसे वेगळे.

शंका बळावली ती दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे चारही पॅनेल पॅरललमध्ये जोडलेले होते. पॅनेल छतावर आणि कंट्रोलर खाली घरात असताना जाणता कारागीर एमपीपीटीला दोन-दोन पॅनेल सिरीजमध्ये देतो, कारण व्होल्ट दुप्पट झाले की वायरमधला करंट निम्मा होतो. दुसरी गोष्ट टर्मिनलची. ६० अँपिअर वाहून नेण्यासाठी निदान १६ चौरस मिलिमीटरची वायर लागते आणि ती आणलीही होती, पण कंट्रोलरच्या भोकात ती मावली नाही म्हणून बसवणाऱ्या मुलाने तिच्या कडेच्या तारा कटरने छाटून उरलेला झुबका आत खुपसला होता. स्क्रूजवळचे लाल आवरण तपकिरी पडून कडक झाले होते. ज्या नगाच्या तोंडात स्वतःच्या क्षमतेची वायर शिरत नाही, त्यावर छापलेल्या अँपिअरचा अर्थ काय घ्यायचा?

खात्री करण्यासाठी गावातील एका जाणत्या वायरमनला बोलावले. त्यांनी आणलेला क्लँप मीटर डीसी मोजणारा होता, हे मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक वायरमनकडचे साधे क्लँप मीटर फक्त एसी मोजतात आणि येथे त्यांचा काही उपयोग नाही. बॅटऱ्या उतरलेल्या असताना, भर दुपारी, त्यांनी पॅनेलकडून येणारा करंट मोजला, तो ३१ अँपिअर भरला. मग बॅटरीकडे जाणारा मोजला, तोही ३१. पॅनेलच्या टोकांवर व्होल्टेज २६.६ आणि बॅटरीवर २६.२. एवढे चार आकडे मिळाले की वादाला जागा उरत नाही. खरा एमपीपीटी असता तर पॅनेलकडील व्होल्टेज बॅटरीपेक्षा बरेच वर राहिले असते आणि बॅटरीकडील अँपिअर पॅनेलकडील अँपिअरपेक्षा जास्त दिसले असते.

नंतर झाकण उघडले. एमपीपीटीला व्होल्टेज उतरवण्यासाठी आत तांब्याची जाड कॉइल लागतेच. येथे एक लहानसे सर्किट बोर्ड, काही मॉस्फेट (विजेची उघडझाप करणारे छोटे भाग) आणि अॅल्युमिनियमची पट्टी, एवढाच संसार होता. ६० अँपिअरचा खरा एमपीपीटी दोन-चार किलो भरतो, आणि हा डबा जेवणाच्या रिकाम्या डब्याइतका हलका होता. पुढच्या बाजूला मात्र ठळक अक्षरांत ‘एमपीपीटी’ छापलेले. तसाच डबा ऑनलाइन दोन हजारांच्या आत मिळतो, हे नंतर पाहिले.

डब्याच्या तळाला बारीक अक्षरांत पॅनेलकडून येणाऱ्या व्होल्टची कमाल मर्यादा ५० लिहिलेली होती, आणि माझ्या मते सर्वात गंभीर बाब हीच आहे. आमच्या एका पॅनेलचे ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही न जोडता मिळणारे व्हीओसी, ४६ आहे. हा आकडा २५ अंश तापमानाचा असतो, आणि पॅनेल जसे थंड होते तसे व्होल्टेज दर अंशाला साधारण ०.३ टक्क्याने वाढते. निफाडच्या थंडीत पारा ५ अंशांपर्यंत उतरला की सकाळच्या पहिल्या उन्हात एकटे पॅनेलच ४९ व्होल्टच्या जवळ जाते. दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडले असते तर पहिल्याच दिवशी कंट्रोलर जळाला असता; पॅरलल जोडणी विक्रेत्याने का केली, याचे कारण येथे सापडले, आणि त्याला आपण काय विकत आहोत याची पूर्ण जाणीव होती हेही. चांगला एमपीपीटी अँपिअर थोडे जास्त मिळाले तर जादा वीज सोडून देतो आणि तगतो, पण व्होल्टची मर्यादा ओलांडली की त्याचाही निभाव लागत नाही. म्हणून दुकानदाराकडून अँपिअरच्या आधी व्होल्टची मर्यादा लेखी घ्यावी, आणि पॅनेलचे थंडीतले व्हीओसी तिच्यापेक्षा कमी भरते ना हे स्वतः गुणून पाहावे.

आता आम्ही १५० व्होल्टची मर्यादा असलेला, ६० अँपिअरचा खरा एमपीपीटी कंट्रोलर बसवला आहे आणि पॅनेल दोन-दोन सिरीजमध्ये घेतले आहेत. थंडीतही व्होल्टेज ९८ च्या पुढे जात नाही. तशाच दुपारी पॅनेलकडून ६६ व्होल्टवर १५ अँपिअर येतात आणि बॅटरीकडे ३६-३७ जातात.

विक्रेत्याने आधी ‘माल वापरलेला आहे’ म्हणून हात वर केले. बिलावर त्याने नुसते ‘सोलर कंट्रोलर ६० ए’ एवढेच लिहिले होते, मॉडेल क्रमांक नाही, एमपीपीटी हा शब्दही नाही. व्हॉट्सअॅपवरचे दरपत्रक जपून ठेवले नसते तर हातात काहीच नव्हते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर त्याने निम्मी रक्कम देऊ केली, ती आम्ही नाकारली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. त्यानुसार दरपत्रक, बिल, डब्याच्या तळाचे छायाचित्र आणि वायरमनने सही करून दिलेली मोजमापे जोडून आम्ही तक्रार दाखल केली असून जुना कंट्रोलर, छाटलेल्या वायरच्या तुकड्यासह, पुराव्यासाठी ठेवला आहे.